पाखरं बदलून मिळणार नाहीत

जावयाला सासूसासऱ्यांबरोबर परदेशी सहलीला पाठवायची पद्धत जगात कुठेच नाही. का नाही, हे जावयाला विमानतळावर उतरल्यावर पहिल्या तासातच कळलं.

खरं तर ही जागा त्याची नव्हतीच. तिकीट बायकोचं होतं. आईवडील लग्नानंतर पहिल्यांदा ज्या गावी फिरायला गेले होते, तिथेच त्यांना पुन्हा घेऊन जायचं असं लेकीच्या मनात आलं. तिने हौसेने तीन तिकिटं काढली, परतीची तारीख कधीही बदलून मिळेल अशी जरा महागातली काढली, आणि मग तिला दिवस गेले. निघायची वेळ आली तोवर पोट एवढं पुढे आलं होतं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विमान राहू द्या, बसमध्येसुद्धा चढायचं नाही." तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते, नाव मात्र बदलून मिळणार होतं. सासऱ्यांनी घरात इकडेतिकडे पाहिलं. रिकामं नाव एकच होतं.

"अजून दीड महिना आहे," बायको म्हणाली. "तू जा, बॅगा उचल, मला आठवडाभर झोपू दे. फक्त वेळेवर ये हं. पुढे पोराने विचारलं, बाबा तेव्हा कुठे होता, तर मला खोटं बोलता येत नाही."

"येतो म्हणजे येतोच," जावई म्हणाला. आयुष्यात इतकं ठाम तो कधी बोलला नव्हता. तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. दिवसभर न बोलणाऱ्या जबड्यांच्या संगतीत राहून त्यालाही तीच सवय लागली होती.

सासरे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. चाळीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासले, खोटे काटे जप्त केले. दोन गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता: काटा आणि काट्यामागचा माणूस. पहिल्या सहलीत त्यांना एक धडा मिळाला होता आणि तो लेकीच्या जन्मापासून घरात रोज एकदा तरी सांगितला जाई. झालं असं होतं, की ते दोघं इथे असतानाच घरच्या चलनाने मान टाकली. रोज सकाळी तेवढ्याच नोटांत कमी चहा येऊ लागला. शेवटचे दिवस पाव आणि उकडलेली अंडी यांवर निघाले, आणि विमानतळापर्यंत ट्रंक डोक्यावर घेऊन चालत जावं लागलं.

"धडा काय?" सासरे विचारत.

"उतरल्या उतरल्या सगळे पैसे बदलायचे," घरातले एका सुरात म्हणत.

"सगळे!" सासरे म्हणत.

त्याप्रमाणे या वेळी विमानतळावर उतरल्या उतरल्या ते नोटा बदलायच्या खिडकीपाशी गेले आणि घरून आणलेली सगळी रक्कम आत सरकवली. मग जावयाकडे वळले. "बापू, तुमचेही काढा."

"बाबा, थोडे ठेवू या का? असावेत म्हणून?"

"गेल्या वेळी मीही असंच म्हणालो होतो. अंडी खाल्ली अंडी!"

जावयाने काढले. सासूबाईंनी पर्सच्या चोरकप्प्याला हात लावला नाही, पण तो कप्पा सासऱ्यांनीच शिवून घेतलेला होता. तोही रिकामा झाला. जामात हा दहावा ग्रह असतो म्हणतात. आपल्या पत्रिकेत तो सासऱ्यांच्या रूपाने बसलाय, असं जावयाला तिथे उभ्या उभ्या वाटून गेलं.

बदल्यात जाड जाड पुडकी मिळाली. तिथल्या प्रत्येक नोटेवर एक चिमणीएवढं पाखरू छापलेलं होतं. सासूबाईंनी एक नोट उजेडात धरून पाहिली. "अहो, याचे पंख उघडे आहेत."

"मग?"

"काही नाही. बसलेलं छापलं असतं तर बरं वाटलं असतं."

पाखराने दुसऱ्या दिवशीच उड्डाण केलं, म्हणजे ते खाली पडलं. सासऱ्यांचा धडा शंभर नंबरी होता, फक्त देश चुकला होता. गेल्या वेळी घरचा पैसा बुडाला होता. या वेळी इथला बुडत होता, आणि त्यांनी तरंगता पैसा देऊन बुडता विकत घेतला होता, तोही सगळा.

गेस्टहाउस तेच, खोलीही तीच, खिडकीतून शेजारची भिंत दिसणारी. मालकीणबाईही तीच, मध्यंतरी तिने चष्मा तेवढा घेतला होता. तिने दोघांना ओळखलं, सासूबाईंचे दोन्ही हात धरून हलवले आणि मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं, "परत येणाऱ्या पाहुण्यांना दहा टक्के सूट." खोलीचा भाव ती दरवाजातल्या पाटीवर खडूने लिही. दुसऱ्या दिवशी तिने पाटी पुसून नवा भाव लिहिला, तिसऱ्या दिवशी आणखी नवा. सूट मात्र दहा टक्केच राहिली. सासरे म्हणाले, "ही सूट नव्हे, हा पडत्याला टेकू आहे." तरी ती घ्यायला ते कधी चुकले नाहीत.

चौथ्या दिवशी सरकारने एक हुकूम काढला. देशातलं बाहेरचं चलन आटत चाललं होतं, म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाने विमानतळाच्या दारात निर्गमन शुल्क भरायचं. शुल्क दणदणीत, आणि बाहेरच्याच नोटांत, रोख. पाखरं चालणार नाहीत. स्वतः छापलेला पैसा स्वतःच घेत नाही असं सरकार जावयाने प्रथमच पाहिलं. घरच्या चलनातल्या नोटा चालत होत्या. त्या या तिघांनी आणल्याही होत्या, भरपूर. त्या आता खिडकीपलीकडे होत्या, आणि खिडकीवर कागद चिकटवला होता: पाखरं बदलून मिळणार नाहीत.

जावयाने सगळी दारं ठोठावून पाहिली. घरून पैसे मागवावेत तर बँक ते पाखरांतच देणार, तेही सरकारी भावाने; आणि सरकारी भाव म्हणजे शिंप्याने दिलेली तारीख. कार्ड पुढे केलं तर मालकीणबाईने ते घेऊन पाटीवरचा वाळलेला खडू खरवडला आणि आभार मानून परत दिलं. आपल्या वकिलातीत गेले तर तिथल्या साहेबाने सगळं सहानुभूतीने ऐकलं आणि पाणी पाजलं. अर्धा पेला.

"थांबा," सासरे म्हणाले. "भाव सुधारेल."

"कशावरून, बाबा?"

"काटा खोटा आहे. खोटा काटा फार दिवस चालत नाही, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

चौकात एका दुकानाबाहेर चलनाच्या भावाचा फलक होता. त्यात आकड्यांच्या पट्ट्या सरकवायला तीनच खाचा होत्या. घरच्या एका नोटेला किती पाखरं, ते तिथे कळे. सासरे रोज सकाळी दाढी करून, शर्ट खोचून तिथे जात आणि हात मागे बांधून फलकापुढे उभे राहत, जणू धाड घालायला आले आहेत. एका सकाळी तीन खाचा पुरेनात. दुकानदाराने चौथा आकडा दोरीला बांधून बाजूला लोंबता सोडला. वारा आला की तो गिरकी घेई आणि नोटेचा भाव क्षणभर पाठमोरा होई.

"हा आकडा प्रमाणित नाही," सासरे दुकानदाराला म्हणाले. "लोंबता आहे."

"साहेब, देशच लोंबता आहे," दुकानदार म्हणाला आणि नवी पट्टी घ्यायला आत गेला.

जावई मनातल्या मनात एकच हिशेब करत होता, आणि तो पाखरांचा नव्हता. आठवडा उलटला, दुसरा उलटला. विमान कंपनीने फेऱ्या कमी केल्या. आता आठवड्याला एकच विमान सुटत होतं. फोनवर बोलतानाही बायकोला धाप लागायला लागली होती.

"पाय सुजलेत," ती म्हणाली. "चपला होत नाहीत. तुझ्या घालते."

"मग मी घरी आलो की काय घालू?"

"तू ये तर आधी. अनवाणी चालशील."

शेवटी हालचाल केली ती सासूबाईंनी, कुणालाही न विचारता. गेस्टहाउसच्या दालनात एक वेताची खुर्ची होती. त्या तिच्यावर विणकाम घेऊन बसू लागल्या. विणकाम त्यांना येत नव्हतं. अजूनही चुकूनमाकून कुणी जुने पर्यटक येत, गेल्या खेपेच्या आठवणी काढत. त्यांना विमानतळावरच्या खिडकीत सरकारी भाव मिळालेला असे, आणि तो ऐकून चौकातला रिक्षावाला खी खी हसलेला असे. म्हणजे ते नेमके दुखऱ्या मनाने आत येत.

"घरून नोटा आणल्यात का काही?" सासूबाई सुईवरून नजर न काढता विचारत.

"शुल्काच्या वेगळ्या ठेवून आहेत थोड्या. का हो?"

"चौकात जाल तर फलकाचा भाव मिळेल. मी त्याच्यावर चार पाखरं जास्त देते."

"तुम्ही? तुम्ही कोण?"

"मी खोली नंबर तीन."

जावयाला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा तो जिन्यातच बसला. ज्या बाई बाजारात कोथिंबिरीची जुडी मागतानाही लाजत, त्या एका टोपीवाल्या गृहस्थाशी घासाघीस करत होत्या. तो म्हणत होता, सहा जास्त द्या. सासूबाई म्हणत होत्या, "सहा द्यायला मी काय सरकार आहे?" शेवटी पाचावर तुटलं. नोटा पर्समध्ये गेल्या. पाखरांचं अख्खं पुडकं टोपीत गेलं, कारण त्याच्या खिशात मावेना.

सासऱ्यांना कळलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले. "हा तोटा आहे," भिंतीला म्हणाले. "आपण ज्या भावाने घेतली त्याच्या दहाव्या हिश्शात विकतेयस तू."

"हो."

"थांबलो असतो तर..."

"अहो, लेक थांबणार आहे का?"

सासऱ्यांनी भिंतीकडे पाहतच उशाखालचं एक पुडकं मागे सरकवलं.

पुडकी संपत आली आणि नवे पाहुणे येईनासे झाले. सासूबाईंनी पर्स पलंगावर उलटी केली. एका माणसाचं शुल्क होत होतं, वर थोडी मोड. दुसऱ्या माणसाचं पुढल्या जन्मी झालं असतं.

"बापू जातील," सासूबाई लगेच म्हणाल्या. "नवरा हवा जवळ."

सासऱ्यांनी मान डोलावली. जावयाने पाच मिनिटांत बॅग भरली. इतका आनंद त्याला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. त्या दिवशी सासरे शेजारीच उभे होते.

तिघं विमानतळावर आले. दाराशीच शुल्काची चौकी, आत जाड भुवयांचा कारकून. जावयाने नोटा हातात घेतल्या आणि निरोपासाठी मागे वळला. सासूबाई त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत होत्या आणि बोलत होत्या, "तिला म्हणावं, कुशीवर झोप. डाव्या. कळ आली तर आधी चालून बघ. आणि घाबरू नकोस म्हणावं, मी पण तेव्हा घाबरले होते आणि माझीही आई..." तिथे त्यांची गाडी अडली. कॉलर नीट झालेली होती, तरी हात तिथेच राहिला.

आणि जावयाच्या तोंडातून निघून गेलं, "आई, तुम्हीच जा."

"छे! काहीतरीच."

"नाही, खरंच. मला काय कळतंय त्यातलं?"

"नवऱ्याला कुठे काही कळायचं असतं? हजर असायचं असतं. जा तुम्ही."

"तुम्ही गेलात तर मी निश्चिंत राहीन."

"आणि तुम्ही गेलात तर मी!"

नोटा त्याच्या हातातून सासूबाईंच्या पर्समध्ये गेल्या, पर्समधून त्याच्या खिशात आल्या, पुन्हा पर्समध्ये गेल्या. या कुटुंबात शेवटचं बिस्किट असंच बशीत मऊ पडे. कारकुनाला त्यांची भाषा कळत नव्हती, पण प्रकार कळत होता. तो हनुवटीला हात लावून बघत बसला. सासऱ्यांनी निवाडा द्यायचा प्रयत्न केला. "हे बघा, एका पारड्यात अनुभव, दुसऱ्या पारड्यात..." तेवढ्यात कारकुनाने खिडकीची झडप खाली ओढली. वेळ झाली होती. थोड्या वेळाने विमान डोक्यावरून गेलं. तिघांनीही मान वर करून त्याला जाऊ दिलं.

परतताना बसमध्ये अर्ध्या वाटेवर भाडं वाढल्याची बातमी आली. वाहक पुन्हा पैसे मागत आला, तेव्हा त्यांना उतरावं लागलं. जावई आपलीच भरलेली बॅग उचलून गेस्टहाउसपर्यंत चालत आला, आणि चालता चालता त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला रडू येतंय आणि ते सभ्यपणाचं आहे.

त्याने बायकोला फोन लावला. झाला प्रकार जसाच्या तसा सांगितला.

"तुम्ही तिघं," ती म्हणाली, "दारात उभे राहून आधी तुम्ही, आधी तुम्ही करत बसलात?"

"हो."

"आणि विमान गेलं."

"गेलं. पुढचं आठवड्याने आहे. आता तूच सांग, कोणी यायचं."

उत्तर जावयाला विचारतानाच कळलं होतं; तरी तो ऐकायचं थांबला नाही.

"आईला पाठव," ती म्हणाली. मग घाईने म्हणाली, "रागावलास?"

"नाही."

"तू हवा आहेस रे. पण मला भीती वाटायला लागलीय, आणि भीती वाटली की मला तीच..."

"अगं, कळलं. मी त्यांना बसवून देतो. या वेळी ढकलून देतो."

पुढच्या आठवड्यात त्याने शब्दशः ढकललं. सासूबाई दाराच्या आत गेल्या आणि काचेपलीकडून काहीतरी सांगत राहिल्या. ऐकू काही येत नव्हतं. त्यांनी डाव्या कुशीची खूण केली.

"घरी गेल्यावर त्या इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती आपल्यासाठी नोटा पाठवतील," जावई सासऱ्यांना म्हणाला.

"कुणाच्या हाती?" सासरे म्हणाले. "इकडे येतंय कोण?"

हे खरं होतं. बाहेर पडता येत नाही असं ठिकाण कितीही स्वस्त झालं तरी तिथे दुसऱ्यांदा कोण जातो? गेस्टहाउसमध्ये आता ते दोघंच पाहुणे होते, आणि तेही पाहुणे उरले नव्हते. मालकीणबाईने खोलीच्या बदल्यात काम दिलं होतं. जावई गाद्या उन्हात टाकी, नळ बघे. सासऱ्यांचं अक्षर चांगलं म्हणून दारातली पाटी त्यांच्याकडे आली. रोज सकाळी ते चौकात जाऊन फलक वाचत, परत येत, जुना भाव पुसत आणि नवा लिहीत. आकडे मोत्यासारखे. पहिल्या दिवशी खडू हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले होते. "खोटा आहे," म्हणाले, आणि लिहिला. त्यानंतर काही म्हणाले नाहीत. एकदा मात्र जावयाने पाहिलं, की पाटीसमोर कुणीही नसताना त्यांनी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: जुन्या पाहुण्यांना सूट.

पावाच्या दुकानाची रांग हा त्या दोघांचा दुपारचा उद्योग होता. भट्टीतून घाणा निघाला की त्या घाण्यापुरता एक भाव. पुढच्या घाण्याला दुसरा. त्यामुळे रांगेतली जागा ही गावातली एकमेव ठेव होती जिची किंमत टिकून होती. एकाने जागा सोडली तर मागचे लोक ती अशी भरून काढत, जशी पाण्यात बोट बुडवून काढल्यावर भरते. सासरे रांगेत उभे राहण्यात वस्ताद झाले होते: पाय रोवून, कोपरं बाहेर, नजर पुढच्याच्या मानेवर.

त्या दुपारी पुढे तीन माणसं उरली होती, तेव्हा जावयाचा फोन वाजला. भिंतीच्या आडोशाला आवाज येत नव्हता. तो रांग सोडून रस्त्याच्या मध्यापर्यंत गेला.

"बापू!" सासूबाईंचा आवाज. "झाली! मुलगी झाली! दोघी छान आहेत. आत्ता, आत्ताच. थांबा, थांबा, ऐका..."

काहीतरी खुडबुडलं. मग त्याच्या कानात एक रडणं आलं, इतकं जवळून, की त्याने दचकून मागे पाहिलं. बाळाशी काय बोलायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"हॅलो," तो म्हणाला.

रडणं चालूच.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "मी... येतोय." त्याला वाटलं, हिला आत्ताच खोटं सांगून चालणार नाही. "म्हणजे, बघतोय."

"काय झालं?" रांगेतून सासरे ओरडले. पुढे आता दोनच माणसं होती. त्यांनी पाय हलवला नव्हता, फक्त मान शक्य तेवढी लांब केली होती. "कोणाचा आहे? काय झालं रे?" बापू नाही, अहो नाही, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा 'रे'.

जावई धावत गेला आणि फोन त्यांच्या कानाला लावला. पण आडोशात आवाज तुटत होता. सासऱ्यांनी एकदा भट्टीच्या खिडकीकडे पाहिलं. पुढे एकच माणूस होता. गरम पावाचा वास येत होता.

मग ते रांगेतून बाहेर आले. मागच्या बाईने क्षणभर वाट पाहिली. "आजोबा, येताय ना?" तिने विचारलं. सासऱ्यांनी नुसता हात हलवला आणि ती पुढे सरकली. दोघं रस्त्याच्या मध्यावर उभे राहिले. फोन एकच होता, म्हणून त्यांनी कानाला कान लावले. खरखरीत दाढी जावयाच्या गालाला टोचत होती. पलीकडे ती जीव तोडून रडत होती, आणि मागे रांग भराभरा पुढे सरकत होती.

"तोडू नकोस," सासरे म्हणाले. "चालू दे तिचं."